हात वर गेल्यावर

"मास्तर, औशाहून शिवलिंग आलाय," भुजंगनं सांगितलं तेव्हा शिवमूर्ती बँडच्या लाल कोटाची बटणं लावत होता. शिवलिंग म्हणजे बँडचे जुने मास्तर गुरुपादप्पा यांचा पुतण्या. तो मांडवाच्या कनातीमागं उभा होता, डोळे सुजलेले.

"अप्पा गेले, शिवा. पहाटं. बाराला उठवायचंय. तू वाजवल्याबिगर न्यायचं न्हाई, अप्पाच म्हनून गेलेत, ठाऊक हाय ना?"

 शिवमूर्तीच्या तोंडातून निघालं ते हिशेबी.

"हितं नऊला सुरू हुतंय. अकराला आमी औशात. तू हो म्होरं."

शिवमूर्ती कनातीमागून परतला तेव्हा भुजंगनं झांजा पुसता पुसता विचारलं, "काय म्हनला?"

"अप्पांचा निरोप हाय. नीट वाजवा म्हनून."

मेलेल्या माणसाच्या नावावर तो सरळ खोटं बोलला. खरं कळलं असतं तर पंधराच्या पंधरा माणसं टोप्या काढून एसटी स्टँडकडं चालू लागली असती. लातूर जिल्हा झाला म्हणून आडत बाजारातल्या व्यापाऱ्यांनी समारंभ ठेवला होता, आणि औशाच्या बँडला पहिल्यांदाच एवढा मान मिळाला होता. चोविसाव्या वर्षी शिवमूर्तीला तो हवा होता. फार हवा होता.

गुरुपादप्पांनी त्याला घडवलं ते बाहत्तरच्या दुष्काळात. त्या वर्षी लग्नंच लागली नाहीत. वाद्यं गोणपाटात बांधून सगळा बँड निलंग्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला. शिवमूर्ती तेव्हा चौदा वर्षांचा, मागं उभा राहून झांजा वाजवणारा. दुपारच्या सुट्टीत अप्पा हातोड्याचा दांडा हवेत फिरवायचे आणि माणसं भाकरी भरल्या तोंडानंच चाली म्हणायची. मग दांडा या पोराच्या हातात द्यायचे.

"हात खाली आला की सूर निघतोय, ते समद्यास्नी दिसतंय. पर हात वर गेला की मानसं दम घेत्यात. त्यो दम तुज्या हवाली असतोय, शिवा. दम धरलेल्या मानसाला ताटकळत ठिवू नको."

दोन वर्षांपूर्वी अप्पांची छाती धरली. त्यांनी आपली काळी काठी क्लॅरोनेटवाल्या बसलिंगप्पांना डावलून या पोराला दिली. बसलिंगप्पा वयानं मोठे, तरी पोराच्या इशाऱ्यावर वाजवत राहिले. तेव्हाच अप्पा हसून म्हणाले होते, "आपल्या लिंगायतांत मेल्यावर बसवूनच नेत्यात. बरंच हाय. तुजं वाजवणं मी बसून ऐकीन."

नऊचे दहा झाले, दहाचे बारा. पाहुणे येईनात. शिवमूर्ती दर घटकेला रस्त्याकडं पाही. आता सांगावं, आता सांगावं, असं करत पाऊण वाजला. मग मोटार आली, त्यानं काठी उचलली आणि बँड असा काही वाजला की पाहुण्यांनी वळून मान डोलावली. त्या क्षणी त्याला आनंद झाला. तोच त्याला पुढं आयुष्यभर सलत राहिला.

औशाच्या वाटेवर, ट्रकमध्ये, त्यानं सांगितलं. भुजंग धाय मोकलून रडू लागला.  बसलिंगप्पांनी विचारलं, "सकाळीच ठाऊक व्हतं तुला?"

"हाव."

ते पोहोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. समाधीची माती सपाट झाली होती. तिच्यावर भस्म आणि बेलाची पानं होती. अप्पांची बायको नीलम्मा कडेला बसली होती.

"दोन तास बसवून ठिवलं रं लेकरा," ती म्हणाली. "मंग लोक म्हनले, किती ताटकळवायचं."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. बँडची माणसं न सांगता रांगेत उभी राहिली. शिवमूर्ती पुढं झाला. अप्पांची काठी धरलेला हात त्यानं वर नेला.

कुणीच दम घेतला नाही. सगळे मातीकडं पाहत होते.

मग बसलिंगप्पांनी डोळे मिटले, क्लॅरोनेट ओठाला लावलं आणि आपल्या मनानं सुरुवात केली. एकेक वाद्य त्यांच्या मागं गेलं. शिवमूर्तीचा हात अजून वरच होता. तो त्यानं हळूच खाली घेतला आणि काठी बेलाच्या पानांजवळ ठेवली. भुजंग अजून रडतच बसला होता, झांजा त्याच्या शेजारी पडल्या होत्या. शिवमूर्तीनं त्या उचलल्या, सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला, आणि बसलिंगप्पांच्या खांद्याकडं पाहत आपल्या ठोक्याची वाट पाहू लागला.