खोलीत किती जण?

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चोवीस वर्षं प्रुफं तपासून बाईची नजर अशी तयार झाली होती की, एखाद्या दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तर आत शिरून मालकाला सुनावून यायची. घ्यायचं काही नसायचं. नुसतं सुनावायचं.

टेबलापलीकडे खर्जभाऊ बसत. आवाज खर्जातला, म्हणून हे नाव. कामाची रीत अशी होती की खर्जभाऊंनी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम आला की ‘स्वल्प’ म्हणायचं, वाक्य संपलं की ‘पूर्ण’. आणि मात्राबाईने प्रुफावर बोट ठेवून तेच उतरलंय का ते पाहायचं. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. शेवटच्या प्रुफाला एक चिठ्ठी टाचली जायची. तिच्यावर चार चौकटी: मूळ प्रत, जुळणी, वाचन, तपासणी. चूक सापडली की ती शेवटी ज्याच्या हातून निसटली त्याच्या चौकटीत खूण, आणि खाली पकडणाऱ्याची सही. चिठ्ठ्यांचे गठ्ठे कपाटात पडून राहत. भांडण झालं तरच कुणी ते उघडणार, आणि भांडण कधी झालंच नव्हतं.

आता एवढं काम करून माणसाने दुपारच्या सुट्टीत स्वस्थ बसावं की नाही? पण बाईने फोनवर ‘निर्दोष मंडळ’ नावाचा एक ग्रूप धरला होता. चारशे माणसं, सगळी एकमेकांच्या चुका काढायला टपलेली. तिथे तिचं नाव ‘लाल पेन’. दिवसाला पाच-सहा लांबलचक मेसेज ठोकायची आणि एकदा ठोकला की पुन्हा त्याच्याकडे बघायची नाही. दिवसभर दुसऱ्यांचं वाचून डोळे शिणलेले, त्यात स्वतःचं कोण वाचत बसणार?

एका रविवारी तिथे एक कोडं आलं. ‘खोलीत दहा मुलं बसली आहेत. तुम्ही दार उघडून आत जाता आणि चौघांना बाहेर पाठवता. मग दोन मुली खिडकीतून आत येतात. आता खोलीत किती जण?’

लाल पेनने लगेच बाह्या सरसावल्या. मुलं म्हटल्यावर त्यात मुलीही आल्याच, मग मुली वेगळ्या कशाला? बाहेर म्हणजे खोलीबाहेर की घराबाहेर? असं तीन परिच्छेद झोडून तिने शेवटी उपकार केल्यासारखं उत्तर लिहिलं: आठ.

त्याखाली ‘भिंग’ नावाच्या कुणीतरी एकच ओळ लिहिली. ‘नऊ. तुम्ही स्वतः आत गेलात ना? स्वतःला मोजायचं राहिलं की!’

खाली हसऱ्या चेहऱ्यांचे एकशे बारा ठसे पडले. बाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिने ‘जण’ या शब्दावरून वाद उकरून काढला, भिंगाने तोही शांतपणे मोडला. चार दिवस जुंपली. आणि पाचव्या दिवशी भिंगाने लिहिलं, ‘ज्यांच्या टेबलावर औषधाच्या पाच थेंबांचे पन्नास होतात, त्यांनी बाकीच्यांना शिकवू नये.’

बाईने फोन टेबलावर पालथा घातला.

कारण ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. चार महिन्यांपूर्वी लहान मुलांच्या औषधाचं माहितीपत्रक छापायला निघालं होतं. खर्जभाऊंनी ‘पाच थेंब’ असंच वाचलं होतं; समोर प्रुफावर होतं पन्नास, आणि बाईचं बोट त्याच्यावरून सरळ पुढे गेलं. यंत्रावर कागद चढायच्या आधी खर्जभाऊंनी सहज पुन्हा नजर टाकली म्हणून निभावलं. ते एवढंच म्हणाले, “चिठ्ठीचं मी बघतो, बाई.” पुन्हा त्यांनी विषय काढला नाही, तिनेही नाही.

आणि आता शाळेच्या पुस्तकांचं मोठं काम येऊ घातलं होतं. मालकाने बजावून ठेवलं होतं की त्या टेबलावर डाग नसलेलाच माणूस बसेल. पन्नास थेंबांची गोष्ट मालकाच्या कानावर गेली असती तर चोवीस वर्षांच्या नावाची माती झाली असती. बाईकडे नावाखेरीज होतं काय दुसरं?

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवसापासून ती प्रुफावर कमी आणि खर्जभाऊंवर जास्त नजर ठेवू लागली. भाऊ अलीकडे सुट्टीत फोन बघून गालातल्या गालात हसतात, हे तिने टिपलं. एकदा त्यांनी फोन पुढे केला, “बघा तरी बाई, काय गंमत आहे!” ती फणकाऱ्याने म्हणाली, “मला नाही वेळ.” मनात म्हणाली, माझंच हसं मलाच दाखवतोय, काय धीट आहे!

मग तिने रीतसर परीक्षा घेतली. टेबलाखाली फोन धरून मंडळावर भिंगाला डिवचणारा मेसेज टाकायचा आणि भाऊंच्या फोनकडे बघायचं. पहिल्यांदा उजेड पडला. दुसऱ्यांदा पडला नाही. तिसऱ्यांदा पुन्हा पडला, आणि भाऊ हसले. बस्स! तीनदा तपासलं, आता शंका कसली? एकोणीस वर्षं समोर बसून यांनी केसाने गळा कापला!

ती तशीच उठून मालकाकडे गेली. “भाऊ आपल्या कामातल्या गोष्टी बाहेर उघड्यावर मांडतात,” ती म्हणाली.

“कुठल्या गोष्टी?” मालकाने विचारलं.

आता आली का पंचाईत! पन्नास थेंबांचं सांगावं लागलं. मालक ताडकन सरळ बसला. “चूक कुणाची होती?”

बाई पदराचं टोक नीट करू लागली. मालकाने भाऊंना हाक मारली आणि स्वतः कपाटातून चार महिन्यांपूर्वीचा गठ्ठा काढला. चिठ्ठी सापडली. खूण ‘वाचन’ या चौकटीत होती. खाली खर्जभाऊंची सही.

बाईने ती चिठ्ठी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. भाऊंनी तिची चूक स्वतःच्या नावावर घातली होती. तोंड उघडायला हीच वेळ होती, तिला कळतही होतं, पण ती चिठ्ठीकडेच बघत राहिली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग मालकाला म्हणाले, “खूण माझ्याच हातची आहे.” बाहेर बोलल्याचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. मालक म्हणाला, उद्यापासून सध्या घरीच थांबा. भाऊंनी चष्मा डबीत ठेवला, पट्टी खणात ठेवली आणि निघाले.

जुळणी करणारी मुलगी दारापर्यंत त्यांच्यासोबत गेली. परत येऊन म्हणाली, “बिचारे. किती खुशीत होते हल्ली. सून दिवसभर नातवाचे फोटो पाठवत असते ना त्यांना. मलाही दाखवले. तुम्ही पाहिलेत का?”

बाई म्हणाली, “नाही.” पण मनात म्हणाली, फोटो तर फोटो, बाकीचं खोटं आहे का?

संध्याकाळी घरी जाऊन पायातल्या चपलाही न काढता तिने मंडळावर लिहिलं, ‘भिंगराव, तुमचं बिंग फुटलं. आज तुमची खुर्ची रिकामी झाली.’

उत्तर लगेच आलं. ‘कसली खुर्ची? मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. नऊ वर्षं आरामखुर्चीत आहे, तिथून मला कोण उठवणार? थेंबांचं म्हणत असाल तर तुम्हीच लिहिलंत की!’ आणि खाली त्याने चार महिन्यांपूर्वीचा मेसेज जोडला होता.

‘लाल पेन: परवाच आमच्या टेबलावर एका औषधाच्या पाच थेंबांचे पन्नास झाले होते. आमचे वाचक बेसावध. मी होते म्हणून पकडलं. नजर लागते त्याला!’

तिने ते वाचलं. पुन्हा बोट ठेवून वाचलं, एकेक शब्द. कुठेही चूक नव्हती. सगळ्या मात्रा जागच्या जागी, आणि सगळं खोटं. कुठल्यातरी वादात जिंकायला म्हणून ठोकून दिलं असेल, ते आठवतही नव्हतं. एकोणीस वर्षं समोर बसलेल्या माणसावर संशय घेतला. आणि सांगणारी ती स्वतःच. ती खोलीत होतीच की. नववी. तिला आपली स्वतःची किळस आली.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी छापखान्यात पोचली. गठ्ठ्यातून चिठ्ठी काढली, ‘वाचन’वरची खूण लाल पेनने खोडली, ‘तपासणी’त खूण केली, सही केली आणि मालक आल्या आल्या त्याच्यापुढे ठेवली.

“हे काय?” मालक म्हणाला.

“दुरुस्ती. बोट माझं होतं. पकडलं भाऊंनी. बाहेर सांगितलं तेही मीच.”

“आणि काल गप्प उभी राहिलीस?”

“हो.”

मालकाने चिठ्ठी गठ्ठ्यात परत घातली. मग म्हणाला, “पुस्तकांच्या कामावर तू नसशील.” तिने मान हलवली आणि विचारलं, “भाऊंना बोलावू?” तो म्हणाला, “बोलाव. येतील असं वाटत असेल तर.”

तिने टेबलाशी बसून फोन लावला. पलीकडे तान्हं बाळ रडत होतं.

“भाऊ, मी बोलतेय. मालकांना सगळं सांगितलं. चूक माझी होती हे सांगितलं. मला वाटलं होतं की मंडळावर तो भिंग म्हणजे तुम्ही.”

“कसलं मंडळ?” खर्जातला आवाज म्हणाला.

तिने सांगितलं. कोडं, थेंब, टेबलाखालचा फोन, सगळं. भाऊंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो मी. एकदा विचारायचं होतंत.”