मुदतीच्या तापातली पोळी

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही रीत ज्या कुणी काढली त्याला कोकिळा सतरा दिवसांपासून मनातल्या मनात शिव्या घालत होती.

वैशाखातली परभणी. दवाखान्यात डॉक्टरच्या खोलीला तेवढे वाळ्याचे पडदे. आजाऱ्यांच्या वाट्याला नुसत्या झळा. खाटेच्या लोखंडाला हात लावला तरी चटका बसायचा. भेटायची वेळ दारावर सरकारी उर्दूत लिहिलेली होती म्हणे. जिंतूरकडून बैलगाडीनं येणाऱ्या पाव्हण्यांना ना उर्दू वाचता येत होतं, ना घड्याळ. ते भर दुपारी यायचे, आणि गाठोडं घेऊन यायचे.

कोकिळाच्या नवऱ्याला, वैजीनाथला, मुदतीचा ताप होता. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी तिला दम भरला होता, "बाई, एकवीस दिन परहेज! दूध, ताकाची निवळी, बस. आतडं कागदासारखं झालंय. भाकरीचा एक तुकडा गेला तर ते फाटेल. मग मला हाका मारू नका." समोरच्या खाटेवरच्या माणसाला तिसऱ्या दिवशी त्याच्या आईनं मायेनं दूधभाकरी कुस्करून चारली. चौथ्या दिवशी ती खाट रिकामी झाली. कोकिळानं ते डोळ्यांनी बघितलं होतं, तेव्हापासून ती नवऱ्याच्या उशापासून हलली नव्हती.

पण पाव्हण्यांना सांगणार कोण? चतुरामावशीनं धपाटे आणले. बन्सीधरभाऊजींनी डिंकाचे लाडू आणले, आणि खाटेवर ऐसपैस बसून ह्याच तापानं गावातली कोण कोण माणसं गेली त्याची यादी वाचली. वर प्रत्येकाचं एकच पालुपद, "खाल्ल्याबिगर ताकद कशी यायची गं? लय वाळलाय!"

"वाळू द्या! जित्ता तर ऱ्हाईल!" असं कोकिळाच्या ओठांवर यायचं. पण सुनेच्या जातीला तोंड नसतं. ती हसून गाठोडं घ्यायची आणि पाव्हण्यांची पाठ वळली की व्हरांड्यातल्या लोकांना वाटून टाकायची.

अठराव्या दिवशी मात्र धुरपदाबाई आली.

धुरपदाबाई म्हणजे वैजीनाथची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्याला कडेवर वाढवलेला. गावच्या मरीआईला नवस बोलून, नैवेद्याची पुरणपोळी पदरात धरून ती अनवाणी आली होती. वाटेत पोळी खाली ठेवायची नाही, म्हणून अर्ध्या वाटेत गाडी मिळाली तरी ती मांडीवरच घेऊन बसली होती. पायांना फोड आले होते.

"ऊठ रं वैजू, तोंड उघड. मरीआईचा परसाद हाय."

"वन्सं, डॉक्टरनं—"

"डॉक्टर मोठा का देवी मोठी? परसादाला नाही म्हणायलीस व्हय गं? नखाएवढा घास, त्यानं काय व्हतंय?"

"समोरचा माणूस तसाच गेला, वन्सं. तुमच्या पाया पडते."

"माझ्या भावाला मी मारायलेय, असं म्हणायचंय का तुला?"

झालं! अख्खा दवाखाना बघायला लागला. चतुरामावशी परत जाण्याआधी टेकायला म्हणून आलेली, तीही मान हलवू लागली, "परसाद टाळू नये बाई." आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, तो वैजीनाथ! अठरा दिवसांचा उपाशी. गुळाचा वास नाकात गेला आणि लहान लेकरासारखा त्यानं आ वासला.

"दे आक्का," तो म्हणाला.

कोकिळाच्या डोक्यात तिडीक गेली. धुरपदाबाईनं तुकडा मोडून हात पुढं केला, तसा कोकिळानं तो हातातून ओढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग उरलेली पोळी घेतली. उभ्या उभ्या, डोक्यावरचा पदर ढळलेला, नणंदेसमोर, मावशीसमोर, उपाशी नवऱ्यासमोर तिनं अख्खी पोळी खाल्ली. घास उतरेना, डोळ्यांतून पाणी, तरी खाल्ली.

"अगं बया! नवऱ्याच्या आधी?" चतुरामावशीनं तोंडाला पदर लावला. "नवऱ्याच्या तोंडचा घास?"

"मी अर्धांगी हाय ना त्यांची?" कोकिळा ओरडलीच. "लग्नात तुमीच सांगितलं. माझ्या तोंडानं गेला, त्यांना पोचला! आता जा, सांगा मरीआईला!"

धुरपदाबाई उठली, लंगडत बाहेर गेली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली. कोकिळाला वाटलं, संपलं. आता हा माणूस वाचला तरी माझं माहेरच बरं.

पण धुरपदाबाई गावाला गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी कुणी पाव्हणा आत येईना, म्हणून कोकिळानं बाहेर डोकावून बघितलं. दारात नणंद मांडी घालून बसलेली. समोर बन्सीधरभाऊजी डबा घेऊन घामाघूम उभे.

"आण हिकडं," धुरपदाबाई म्हणत होती, "थोरली बहीण हाय मी त्याची. मला पोचलं की त्याला पोचलं." आणि ती शांतपणे लाडू खात होती.

बाविसाव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरनं मऊ भाताचं पाणी आणि चार शितं द्यायला सांगितली. वाटी धुरपदाबाईनं घेतली. वैजीनाथनं आ वासला. नणंदेनं घास उचलला आणि हात वळवून कोकिळाच्या तोंडापुढं धरला.

"आधी तू खा," ती म्हणाली. "तुझ्या तोंडानं गेलेलंच त्याला पचतंय."

कोकिळाला हुंदका आवरेना. नणंदेचा हात तसाच पुढं, हिचं तोंड काही उघडेना, दोघींच्या डोळ्यांना धारा.

"अगं पर," खाटेवरून वैजीनाथ कळवळून म्हणाला, "भूक मला लागलीय!"