माझे ठोके ओळखणारी मेघाली

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. ज्यांना नेकेड म्हणतात, त्या जातीची. माझ्या अंगावर प्लॅस्टिकचे आवरण नाही, सगळे इंजिन उघड्यावर. माझ्या पोटात दोन सिलिंडर आहेत, पण ते शेजारी शेजारी बसलेले नाहीत. एक पुढे झुकलेला, एक मागे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. म्हणून माझे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. दोन लागोपाठ, मग जराशी उसंत, पुन्हा दोन.

माझा पहिला मालक भाग्येश पालघरचा. दर रविवारी तो मला केळव्याला न्यायचा. सुरूच्या झाडांखाली उभी करून माझे फोटो काढायचा. लोक वळून बघत, मीही ऐटीत असे. पुढे त्याने मोटार घेतली आणि मी अंगणात खाऱ्या वाऱ्यात उभी राहिले. चेन गंजली, सीट फाटले. शेवटी त्याने मला बोईसरच्या मितेशच्या गॅरेजात देऊन टाकले.

तिथे मी दोन वर्षे होते. कामगार माझ्या टाकीवर चहाचे ग्लास ठेवत. शेजारी माझ्याच वयाची दुसरी नेकेड गाडी होती. तिचेही सिलिंडर दोनच, पण एका ओळीत बसवलेले. ती मऊ गुणगुणायची. गिऱ्हाईक माझ्यावर बसे, हादरे बघून उतरे आणि तिची चौकशी करी. मला वाईट वाटे, पण तिचा राग कधी आला नाही. ती खरोखरच चांगली होती.

एका शनिवारी सकाळी मेघाली आली. सोबत तिचे वडील वामनकाका. ही मंडळी मूळची बीडकडची, बोईसरजवळच्या सरावलीत वीस वर्षे राहिलेली. काका तिथल्याच एका कारखान्यात कामाला. मेघाली नऊ वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही कान गेले. बोलणे राहिले, ऐकणे संपले. पुढे ती आयटीआयमधून फिटर झाली आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पंप दुरुस्त करू लागली.

मितेशने धुळीसाठी तोंडावर रुमाल बांधला होता. तो बोलायला लागताच काका म्हणाले, "रुमाल जरा खाली घ्या. तिला तुमचे ओठ दिसू द्या."

मितेशने रुमाल सोडला तो पुन्हा बांधला नाही.

मग काकांनी सगळे सांगितले. कंपनीने मेघालीला मोठे काम देऊ केले होते. सगळ्या वसाहतीत फिरून पंप तपासायचे. अट एकच, स्वतःचे वाहन हवे आणि सोमवारपर्यंत उत्तर हवे. आठ वर्षे काका तिला आपल्या स्कूटरवरून सोडत-आणत होते. लायसन्स तिने खटपट करून मिळवले होते, पण काकांच्या मनात टँकर आणि ट्रेलर घोंगावत होते. निदान बिनगिअरची स्कूटर घे, असे ते परत परत म्हणत होते. त्यावर मेघालीने शांतपणे सांगितले, "गरज स्कूटरने भागेल, पप्पा. पण मला गिअरची गाडी चालवायची आहे. आठ वर्षं मागं बसून मी हेच ठरवत होते."



आधी तिने माझ्या शेजारणीला, त्या दुसऱ्या गाडीला, चालवून बघायला नेले. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. गाडी सुरेख आहे, म्हणाली, पण गिअर कधी बदलायचा ते कळत नाही. बाकीचे लोक कानाने ओळखतात. तिला दर वेळी खाली इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या काट्याकडे बघावे लागत होते, आणि त्या रस्त्यावर नजर खाली घालणे बरे नव्हते.

मग ती माझ्याकडे वळली. मितेशने मला सुरू केले. मला तर वाटले, हीसुद्धा हादरे बघून उतरणार. तिने टाकीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती.

"मागचा सिलिंडर अधूनमधून चुकतोय," ती म्हणाली.

मितेश हसला. आपल्याला तर सगळे ठीक ऐकू येते, म्हणाला. तरी त्याने मागचा प्लग काढला. तो काजळीने काळा पडला होता. मितेश त्या प्लगकडे बघतच राहिला. मित्रांनो, इतकी वर्षे लोकांनी माझे फोटो काढले, पण मला कुठे दुखते ते पहिल्यांदा कोणाला तरी कळले होते.

नवा प्लग बसवल्यावर मितेश तिच्यासमोर उभा राहून सावकाश बोलला, "ताई, खोटं नाय बोलत. हिचा मागचा सिलिंडर मांडीला चटके देतो. पार्ट यायला महिना लागतो. त्या दुसरीला काय त्रास नाय. तुला सुखाची पायजे तर ती घे."

तिने मान डोलावली. मग वडिलांना म्हणाली, "मागं बसा."

आम्ही कारखान्यांच्या रस्त्याला लागलो. सवयीने काका मागून ओरडत होते, डावीकडे घे, सावकाश. ते फक्त मलाच ऐकू येत होते. मेघालीच्या पायांना माझे ठोके लागत होते. ते घट्ट झाले की ती गिअर वाढवी, अडखळले की उतरवी. काट्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. तिची नजर समोरून आरशात, आरशातून समोर फिरत होती. एका वळणापाशी ती हळूच डावीकडे सरकली. काकांना कारण कळेना. मग मागून ट्रेलरचा हॉर्न वाजला आणि तो मोकळ्या रस्त्याने पुढे निघून गेला.

त्यानंतर काका ओरडले नाहीत. उतरल्यावर त्यांनी हेल्मेट काढले, रुमालाने तोंड पुसले आणि मेघालीला दिसेल असे तोंड करून म्हणाले, "तुला ऐकू येत नाही म्हणून मी आठ वर्षं भीत होतो. तू बघतेस किती, ते मी बघितलंच नाही."

तिने मलाच विकत घेतले आणि सोमवारी कंपनीला होकार कळवला. आता रोज सकाळी हत्यारांची पिशवी मागे बांधून आम्ही निघतो. एका कारखान्यातून दुसऱ्यात. उन्हात माझा मागचा सिलिंडर तिला चटके देतो, म्हणून तिने जाड कापडाची पँट शिवून घेतली आहे. एकदा पार्टसाठी पाच आठवडे मी घरीच होते. तेव्हा ती काकांच्याच स्कूटरवरून गेली, पण या खेपेस चालवत होती ती आणि मागे बसले होते काका. माझी शेजारीणही पुढच्याच महिन्यात केळव्याच्या एका वाडीवाल्याकडे गेली. तिथे ती सुखात आहे, असे मितेश सांगतो.

मित्रांनो, दारात गाडी असेल तर तिची चेन कोरडी पडू देऊ नका. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी सुरू करा. आणि चालवायची नसेल, तर गंज चढण्याआधी ज्याला हवी आहे त्याला देऊन टाका. चालून आम्ही जितक्या झिजत नाही, तितक्या वाट बघून झिजतो.

आज रविवार आहे. आम्ही केळव्याजवळच्या मोकळ्या रस्त्यावर आलो आहोत. सत्तावन्न वर्षांचे वामनकाका गिअरची गाडी शिकायला हँडल घट्ट धरून माझ्यावर बसले आहेत आणि मेघाली मागे. दोनदा त्यांनी मला बंद पाडले आहे. आता मात्र मला बोलणे थांबवायला हवे, कारण तिने त्यांच्या पाठीवर हलकेच थाप मारली आहे आणि काकांना दुसरा गिअर टाकायचा आहे.