सेटिंग केलेले आहे, हात लावू नये

खोटं तुम्ही बोललात आणि नाव माझं लावलंत. ‘मशीन खराब आहे!’ किती सोपं वाक्य! तोंडातून काढलं, हात झटकले, मोकळे झालात. मशीन काही उठून उलट बोलणार नाही, याची खात्री होती ना? मग आता ऐकाच. मी बोलतोय. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधला, खिडकीकडच्या टेबलावरचा फंक्शन जनरेटर.

आधी माझं काम सांगतो. माझ्यासमोर वर्षानुवर्षं बसून डिग्री घेऊन गेलेल्यांनाही ते धड सांगता येत नाही, म्हणून सांगतो. मी विजेच्या लाटा तयार करतो. पाण्यावर उठतात तशा गोलाकार हव्या असतील, तर साइनचं बटण दाबा. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या काटकोनी हव्या असतील, तर स्क्वेअरचं. डोंगररांगेसारख्या टोकदार हव्या असतील, तर ट्रँगलचं. एका सेकंदात किती लाटा उठाव्यात ते माझी मोठी चकती ठरवते. त्या किती उंच असाव्यात ते ॲम्प्लिट्यूडचा नॉब ठरवतो. आणि अख्खी लाट जशीच्या तशी उचलून वर न्यायची किंवा खाली आणायची असेल, तर कोपऱ्यातला ऑफसेटचा नॉब. ओट्यावरचं भांडं उचलून फळीवर ठेवावं तसं. भांडं तेच, जागा वेगळी. शेजारी लाटा दाखवणारा स्कोप असतो, त्याच्या पडद्यावर हे सगळं लख्ख दिसतं.

एखादं उपकरण नीट चालतं का हे बघायचं असेल, तर माझी लाट त्याच्या आत सोडायची आणि बाहेर काय येतं ते बघायचं. आत सरळ गेली आणि बाहेर वाकडी आली, तर दोष मधे कुठेतरी आहे. इतकं स्वच्छ काम आहे माझं. खोटं बोलणं माझ्या रचनेतच नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर एक बाई बसायची. माझ्यासारखी कितीतरी यंत्रं तिच्या हाताखालून गेली असतील, तरी तिनं घाई केली नाही. प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. प्रत्येक बटण दाबलं, सोडलं. मग ऑफसेटचा नॉब चिमटीत धरून बाहेर ओढला. हो, तो ओढावा लागतो. आत असताना कितीही फिरवा, लाट ढिम्म हलत नाही. चुकून कुणाचा हात लागून लाट सरकू नये, म्हणून ही सोय. त्या नॉबखाली ‘ओढा’ अशा अर्थाचा एक बारीक शब्दही छापलेला होता. होता! ते पुढे सांगतो.

“झकास,” ती बाई म्हणाली आणि मला थोपटलं. “जा आता, पोरांच्या हातात पड.”

बिचारी! तिला काय माहीत!

कॉलेजात आलो तेव्हा माझ्यासोबत फोटो काढले गेले. मोठी माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. पहिल्याच सत्रात एका उत्साही पोरानं माझी चकती इतक्या जोरात फिरवली की ती त्याच्या हातातच आली. पोरगं घाबरून पळालं. लॅबच्या सरांना वरच्या मजल्यावर बोलावून घेतलं गेलं, तिथे त्यांना चांगलंच झापलं असणार, कारण खाली आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. चकती त्यांनी बसवून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी हातात चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊनच आले.

त्यांनी मला एका ठरावीक लाटेवर लावलं आणि माझा प्रत्येक नॉब, प्रत्येक बटण पट्टीखाली गाडून टाकलं. वर कागद डकवला: ‘सेटिंग केलेले आहे. हात लावू नये.’

त्या दिवसापासून या लॅबमध्ये प्रॅक्टिकल म्हणजे काय, तर पोरांनी यायचं, माझं चालू-बंदचं बटण दाबायचं, स्कोपवर लाट आली की “आली, आली” म्हणायचं आणि फळ्यावर सरांनी आधीच लिहून ठेवलेले आकडे उतरवून घ्यायचे. मोजायचं काही नाही. चुकायचं काही नाही. दरवर्षी पट्टी मळली की सर ती खरवडून काढत आणि नवी लावत. अशीच एकदा काढताना ऑफसेटखालचा तो बारीक शब्दही गोंदाबरोबर निघून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या अंगावरची माझी ओळख तुम्ही उपटून काढलीत आणि बोळा करून टोपलीत टाकलीत.

वर्षं गेली. मग तिची बॅच आली. तिला वर्गात सगळे ‘किडा’ म्हणत, कारण दिसेल ती वस्तू उघडून बघायचा किडा तिच्या डोक्यात होता. तिच्या शेजारी ढापण्या बसायचा. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून ढापण्या. पोरगा हुशार, हात तर सोन्यासारखे. अख्ख्या वर्गाचे तुटलेले इअरफोन तोच जोडून द्यायचा. पण कुणी ‘नको’ म्हटलं की तिथेच थांबायचा.

किडा थांबायची नाही.

“सर, हा कोपऱ्यातला नॉब कशासाठी आहे?”

“तो आपल्याला लागत नाही.”

“पण मग दिलाय कशाला?”

“अगं, सिलॅबसमध्ये नाही म्हटलं ना! फळ्यावरचं उतरवून घे आधी. सगळ्यांचं झालं, तुझंच राहिलंय.”

मागून कुणीतरी बोललं, “सर, तिला अख्खं मशीनच घरी देऊन टाका, हुंड्यात!” सगळे खिदळले. तीही हसली. मला मात्र आतून जळल्यासारखं झालं.

शेवटच्या सत्रात बातमी आली. कानाला लावायची श्रवणयंत्रं बनवणारी एक कंपनी येणार होती. तयार यंत्रं तपासायला त्यांना माणसं हवी होती. तोंडी प्रश्न नाहीत, मार्कांची चौकशी नाही. लॅबमध्ये प्रत्यक्ष उपकरण चालवून दाखवायचं, ज्याला जमेल तो आपला.

चाचणीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लॅबमध्ये आली. ढापण्याला तिनं दाराशी उभं केलं आणि फोन माझ्याशेजारी ठेवून घरी बोलली. पलीकडून आईचा आवाज आला आणि पाठोपाठ मामाचा.

“हे बघ, झालं तर झालं,” मामा म्हणत होता. “नाही झालं तर सोमवारपासून दुकानात बसायचं. कापड मोजायला काही कॉलेज लागत नाही.”

“दादा, तिला आत्ताच कशाला घाबरवतोस?” आई म्हणाली.

“घाबरवत नाहीये. वर्षभर थांबलो की मी! अजून किती थांबू?”

तिनं फोन बंद केला, नखानं माझी पट्टी उचकटली. पहिल्यांदा! इतक्या वर्षांनी माझ्या चकतीला शिकणाऱ्याचं बोट लागलं. तिनं साइन लावली, स्क्वेअर लावली, लाट उंच केली, बुटकी केली. “अय्या, हे बघ रे!” म्हणून ओरडली. ढापण्या दारातूनच मान लांब करून बघत होता.

“ये ना इकडे.”

“नको गं, सर येतील. तू कर, मी बघतो.”

मग ती ऑफसेटकडे वळली. उजवीकडे फिरवला. काही नाही. डावीकडे फिरवला. काही नाही. मी जिवाच्या आकांतानं सांगत होतो, ओढ! अगं बाई, ओढ त्याला! पण मला येतात फक्त लाटा. माझी किंकाळीसुद्धा स्कोपवर सुबक गोलाईची निघते.

तेवढ्यात सर आले. ढापण्या खोकला, पण उशिरा.

“कुणी काढली ही पट्टी? सेटिंग घालवलंस ना? उद्या बाहेरची माणसं येणार आणि तू आज हा उद्योग केलास? उद्या बसायचं नाही चाचणीला. नाव काढून टाकतो तुझं.”

“सर, उद्या हेच तर चालवायचंय. मग शिकायचं कधी?”

“मला शिकवतेस?”

मला वाटलं, आता भांडेल. पण सोमवार तिच्या डोळ्यांसमोर होता. तिनं ओठ चावून “चुकलं सर, परत नाही करणार” म्हटलं. शिकण्याची माफी मागायला लावलीत तुम्ही तिला! मी त्या क्षणी जळून गेलो असतो तरी मला वाईट वाटलं नसतं.

सरांनी मला पुन्हा त्यांच्या लाटेवर लावलं आणि या वेळी दुहेरी पट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाई आल्या. मला बघून थबकल्या.

“हे काय, याला कुठे लागलंय का? एवढं बँडेज?”

“नाही मॅडम, सेटिंग करून ठेवलंय,” सर कौतुकानं म्हणाले. “मुलांना त्रास नको.”

बाई पुढे झाल्या. सगळ्या पट्ट्या फराफरा ओढून काढल्या, सगळे नॉब विस्कटले, सगळी बटणं मोकळी केली, ऑफसेट आत आहे ना ते बघितलं. मग म्हणाल्या, “प्रत्येकानं मला एवढंच करून दाखवायचं. साधी साइन लाट लावायची, सांगेन तेवढ्या वेगाची आणि उंचीची. मग ती अख्खी लाट पडद्यावर वर उचलायची. एकेक जण या.”

पहिला आलेला मुलगा चकतीवरच अडकला. दुसरीनं स्क्वेअर लावली आणि “हीच ना साइन?” असं विचारलं. मग ढापण्या आला. त्याचे हात माझ्यावर पडले आणि मला ती टेबलाच्या टोकाची बाई आठवली, इतके नेमके हात! साइन लागली, वेग जुळला, उंची जुळली. मग ऑफसेट. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. त्यानं घाम पुसला. सरांकडे बघितलं. सरांनी लगेच नकाराची मान हलवली.

“मॅडम, मशीन खराब आहे,” ढापण्या म्हणाला.

“हो, जुनंच आहे हो ते,” सर म्हणाले. “तो नॉब गेलेला असणार.”

झालं! दारात उभ्या असलेल्या रांगेनं ते ऐकलं आणि त्यानंतर आत येणारा प्रत्येक जण मला हात लावायच्या आधीच म्हणू लागला, “मॅडम, याचा तो नॉब चालत नाही.” बाई प्रत्येकाला “बरं” म्हणत होत्या. मी चालू होतो, धडधाकट होतो आणि माझ्या तोंडावर माझ्याच मृत्यूचा दाखला वाचला जात होता.

किडा आली. साइन, वेग, उंची पटापट झालं. ऑफसेट फिरवला. लाट तसूभर हलली नाही. सर आपल्या जागेवरून म्हणाले, “तो खराब आहे, सोड. पुढचं विचारतील त्या.”

“नाही सर,” ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. “मॅडम, मशीन चांगलं आहे. मला येत नाहीये. थोडा वेळ द्याल?”

मशीन चांगलं आहे. मला येत नाहीये. अहो, एवढी दोन वाक्यं ऐकायला मी इतकी वर्षं पट्टीखाली घुसमटत होतो!

“घे वेळ,” बाई म्हणाल्या.

तिनं आता काही फिरवलं नाही. एकेक नॉब नुसता चाचपला, हलवून बघितला. ॲम्प्लिट्यूडचा घट्ट. चकती घट्ट. ऑफसेटवर बोटं आली आणि थांबली.

“हा आत-बाहेर हलतोय,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि चिमटीत धरून ओढला.

टक!

“अगं, तोडशील!” सर ओरडत उठले.

तिनं नॉब फिरवला आणि माझी लाट, अख्खीच्या अख्खी, पडद्यावर वर चढली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी लाट होती ती.

बाई पहिल्यांदा हसल्या. “सोमवारी ये कामावर,” म्हणाल्या. तिनं तिथूनच घरी फोन लावला. मामा कुरकुरला, “म्हणजे आता दुकानात मीच बसायचं!”

तिचं झालं. पण बाकीच्यांचं? प्राचार्यांनी लॅबमध्ये येऊन सरांना विचारलं, एवढ्या मोठ्या वर्गातून एकच कशी? आणि सर, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी लाट उचलून दाखवली होती, ते शांतपणे म्हणाले, “काय करणार, मशीन खराब होतं.” संध्याकाळी माझ्यावर नवी चिठ्ठी लागली: ‘नादुरुस्त’. उद्या मला अडगळीच्या खोलीत नेणार आहेत.

सरांचा मला राग येतो, पण त्यांचा चेहराही मी बघितला. लाट वर गेली तेव्हा ते पोरांसारखेच तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांनाही ते माहीत नव्हतं. त्यांच्या कॉलेजातही कुणीतरी फळ्यावर आकडे लिहून ठेवले असणार. एकानं भीतीपोटी पट्टी लावायची, दुसऱ्यानं तिलाच शिस्त म्हणायचं आणि तिसऱ्यानं तीच पुढच्यांना लावायची, हे किती पिढ्या चालणार? तोडू द्या ना एखादा नॉब! नॉब बदलता येतो. त्या रांगेतल्या पोरांची ती सकाळ मला कुणी बदलून देणार आहे का? मला अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. पण माझ्या जागी जो येईल त्याला उघडा ठेवा. त्याच्यावर बोटांचे डाग पडू द्या.

आत्ता लॅब रिकामी आहे. दार किलकिलं झालं, ढापण्या आत आला. त्यानं इकडेतिकडे बघितलं, ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी बाजूला सारली आणि मला चालू केलं. ऑफसेट चिमटीत धरून ओढला. टक. लाट वर गेली. नॉब आत ढकलला, लाट खाली बसली. पुन्हा ओढला. पुन्हा ढकलला. बराच वेळ तो नुसता ते करत राहिला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि कुणाशीच नाही अशा आवाजात म्हणाला,

“एवढंच होतं होय?”