डब्याएवढी भिंत

"पायल, नौ सौ बारह! तुम्हारी बालकनी ने तो कमाल कर दिया यार!"

देविकाचा आवाज फोनमधून इतक्या जोरात आला की मांडीवरची अंतरा दचकली आणि तिच्या तोंडावरचा नेबुलायझरचा मास्क नाकावरून खाली घसरला. पायलनं फोन खांद्याशी दाबून धरला आणि मास्क पुन्हा नीट बसवला. कडेनं पांढरी वाफ निसटत होती. त्या वाफेवरून पायलनं नजर काढून घेतली.

"बर्लिन में सब पूछ रहे हैं, ये अलीगंज कहाँ है. रिपोर्ट के कवर पर यही आंकड़ा जा रहा है. परसों मीटिंग में तुम बोलोगी. ॲज अ मदर."

"देविका, वो आंकड़ा... उस शाम क्या हुआ था कि..."

"सब बोलना, परसों सब बोलना! अभी प्रिंटर वाला लाइन पर है."

फोन बंद झाला. नेबुलायझर घरघरत राहिला.

देविका दिल्लीहून काम बघायची. जर्मनीतल्या हरित पक्षाशी जोडलेली एक संस्था होती; ती निवडणुका लढवत नसे, देशोदेशी अभ्यास करी, माणसं एकमेकांशी जोडून देई. आशियातल्या चार शहरांत त्यांनी हवा मोजायचे डबे लावले होते. ढाका, काठमांडू, हनोई आणि इकडे लखनौ. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढंच पांढरं यंत्र. हवेतली धूळ मोजायची आणि दर तासाचा आकडा आपला आपण पाठवायचा, एवढंच त्याचं काम. लखनौत असे बारा डबे बारा आयांच्या घरी होते, आणि त्या बारा जणींना सांभाळायचं काम पायलकडे होतं. नागपूरला एम.एस्सी. करून लग्नानंतर इथे आलेल्या पायलला चार वर्षांत मिळालेलं हे पहिलंच काम.

सुरुवातीला दारोदार जाऊन समजावताना काय काय ऐकावं लागलं होतं! "ग्रीन पार्टी? हरी पार्टी?" एका आजोबांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "बिटिया, यहाँ डब्बा लगाना है तो लगाओ, रंग मत बताओ." त्या दिवसापासून पायल नुसतं 'हवा वाली संस्था' म्हणायला लागली. घरी आशुतोष वेगळ्याच काळजीत. तो सरकारी कंपनीत, क्वार्टरही कंपनीचं. "अगं, परदेशातल्या पक्षाचा डबा आपल्या बाल्कनीत? काय करून राहिली तू? उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, बायको हवा मोजते."

तरी त्यानंच स्टुलावर चढून स्क्रू मारला होता. गेल्या वर्षीच्या दिवाळीला बाल्कनी नुकतीच रंगवून झाली होती तेव्हा.

डबा बाल्कनीतच हवा होता, कारण अलीगंजातल्या त्यांच्या क्वार्टरसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर रोज संध्याकाळी कचरा पेटायचा. पिशव्या, रबर, जुन्या गाद्या, काय वाटेल ते. ठेकेदाराची माणसं यायची, काडी लावायची, निघून जायची. प्लॉटच्या भिंतीला लागून अंतराची बालवाडी. दोन हिवाळे अंतरा खोकत होती. डॉक्टर म्हणाले होते, हवा बदला. हवा कुठे बदलून मिळते, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

पायलनं तक्रारी केल्या होत्या. चार अर्ज दिले, चारही 'निस्तारित', म्हणजे निकाली, असा शेरा घेऊन परत आले. मग हा डबा आला आणि तिला वाटलं, आता आकडा बोलेल. संध्याकाळी सहानंतर तो रोज तीनशेच्या वर जायचा. तीनशे दहा, तीनशे चाळीस. सकाळी आठला ती मोबाइलवर आकडा बघायची, अंतरा दात घासता घासता विचारायची, "मम्मा, आज कितना है?"

आणि मग मागचा मंगळवार. धूर इतका होता की तिनं दारंखिडक्या लावून घेतल्या. अंतराची छाती सू सू वाजत होती. पायलच्या मनात आलं, बाहेरचं तर कळतंय, पण खिडक्या लावल्यावर माझी पोर आत काय ओढते आहे? तिनं डबा स्क्रूवरून काढला आणि अंतराच्या उशाशी आणून ठेवला. मग खोकल्याची उबळ आली, धावाधाव झाली, तिनं नेबुलायझर लावला आणि डबा तिथंच आहे हे साफ विसरली. वीस मिनिटं औषधाची वाफ डब्याच्या तोंडावर जात राहिली.

डब्याला धूळ आणि वाफ यातला फरक कळत नाही. हे पायलइतकं कोणाला माहीत होतं? बाराही जणींना तिनंच पाठ करून घेतलं होतं: डब्बा बाहर रहेगा, चूल्हे से दूर, अगरबत्ती से दूर, भाप से दूर, और हिलाना या ढकना नहीं है.

लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबच्या मायाला तर तिनं याच नियमांवरून काढलं होतं. मायाच्या डब्यातून नऊ दिवस आकडा शून्याजवळ येत होता. पायल बसनं गेली, बघते तर डब्यावर प्लास्टिकची पिशवी, खाली सुतळीनं बांधलेली. "कोहरे में भीग रहा था बेचारा," माया म्हणाली होती. पायलनं रागावून तिथल्या तिथे देविकाला फोन केला, मायाचं घर यादीतून कटलं. डबा काढून आणताना मायाचा मुलगा दाराशी बसून खोकत होता. पायलनं तो खोकला ऐकला होता आणि तरीही रिक्षात बसली होती.

"मग सांगून टाक ना," आशुतोष त्या रात्री जेवताना म्हणाला. "चुकून झालं म्हणावं."

"सांगितलं तर आपलं घर कटेल. आणि आपलं कटलं की त्या प्लॉटजवळ एकही डबा उरत नाही. परवा मोठे साहेब येणार आहेत. पहिल्यांदा कोणीतरी ऐकणार आहे, आशुतोष."

"तीनशे चाळीस पण वाईटच आहे ना?"

"तीनशे चाळीसला कोणी कव्हरवर छापत नाही."

आशुतोषनं पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

हजरतगंजातल्या हॉटेलचा हॉल. दाराशीच रिपोर्टच्या प्रती रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर हिरव्या चौकटीत ९१२. बर्लिनहून पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या होत्या, सुती साडी नीट नेसता येत नसतानाही नेसून. सरकारात हवेचं काम ज्यांच्याकडे होतं ते हेमचंद्रसाहेब पहिल्या रांगेत, मोबाइल हातात. खुर्च्या भरायला देविकानं बायका बोलावल्या होत्या. त्यांत माया होती. तिनं पायलला बघून हात जोडले.

"दीदी, हमारा वाला तो आपने काट दिया," ती रिपोर्टवरून बोट फिरवत म्हणाली, "आपका तो छप भी गया. अच्छा हुआ. किसी का तो छपा."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर पायलला सोपं गेलं असतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं घरून तयारी करून आणलं होतं: अंतरा, बालवाडी, धूर, चार अर्ज. ते बोलून झालं. बर्लिनच्या बाईंनी हळू आवाजात काही विचारलं, देविकानं ते हिंदीत सांगितलं: "पायल, जिस घंटे ये नौ सौ बारह आया, उस घंटे आपके घर में क्या हो रहा था?"

बाईंचे डोळे खरोखर ऐकू इच्छिणारे होते. तिसऱ्या रांगेत माया मान कलती करून बघत होती. पायलनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मेरी बेटी को नेबुलायझर लगा था," ती म्हणाली. "डब्बा मैं अंदर ले आई थी. उसके सिरहाने. वो आंकड़ा भाप का है. धुएँ का नहीं है."

मग हेमचंद्रसाहेबांनी मोबाइल खिशात ठेवला आणि प्रसन्न हसले.

"यानी मैडम, आपने हवा नहीं, दवा नाप दी."

लखनौची माणसं शब्दावर जीव टाकतात. सगळा हॉल हसला. मागून कोणीतरी "वाह साहब" सुद्धा म्हणालं.

"सर, बाकी दिन भी तीन सौ के ऊपर है. रोज़ शाम को. तेरह महीने का है सब. आप आकर देख लीजिए, छह बजे..."

"जी ज़रूर. पहले आप लोग नापना तय कर लीजिए, फिर हम भी देख लेंगे." ते उठले. त्यांना दुसरी मीटिंग होती. त्यांच्यामागून आणखी चार जण उठले. हसल्याचा आवाज जिन्यातही येत होता.

देविका प्रती पुन्हा खोक्यात भरत राहिली, कव्हर आतल्या बाजूला करून. बर्लिनच्या बाई मात्र जवळ आल्या, पायलचा हात हातात घेतला, आणि जे म्हणाल्या ते पायलला देविकाशिवायही कळलं. आम्ही या देशात पाहुणे आहोत. याहून मोठ्यानं आम्हाला बोलता येत नाही. त्यांचे डोळे भरले होते. त्यांचा राग करावा असं पायलला वाटलं, पण तोही येईना.

बाहेर पायरीवर माया थांबली होती. तिच्या पिशवीत नाश्त्याची दोन पाकिटं होती, त्यातलं एक तिनं पायलच्या हातात कोंबलं.

"बिटिया को दे देना. समोसा है, ठंडा हो गया."

"माया, उस दिन मैंने..."

"अरे छोड़िए दीदी. आपने बच्ची के लिए हटाया, हमने डब्बे को ही बच्चा समझ के ओढ़ा दिया." तिनं पदर डोक्यावर घेतला. "हवा को क्या पता. चलें, बस निकल जाएगी."

जानेवारीत नवा रिपोर्ट आला. दहा घरं. अलीगंजचं नाव कुठेच नव्हतं. संस्थेचं पत्र आलं, ते सभ्य होतं, आभाराचं होतं. सोबत एक माणूस आला, त्यानं डबा काढला, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला. "काठमांडू जाएगा अब," तो म्हणाला. "वहाँ एक खराब हो गया है." स्क्रू काढायचा त्याला कंटाळा आला, तो तसाच राहिला.

डबा गेल्यावर पायलला ते दिसलं. तेरा-चौदा महिन्यांत सगळी भिंत कधी राखाडी झाली ते कळलंच नव्हतं. आणि मधोमध डब्याएवढा एक चौकोन, दिवाळीच्या रंगाचा, पांढराशुभ्र, कडा अगदी सरळ. तिनं बोट लावून बघितलं. चौकोनावर काहीच लागलं नाही. चौकोनाबाहेर लावलं, तर बोट काळं झालं.

तिनं फोटो काढला. कोणाला पाठवायचा ते सुचेना, मग तो मोबाइलमध्येच राहिला.

आशुतोष रविवारी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. "एक हात मारून टाकतो पूर्ण भिंतीला."

"नको," पायल म्हणाली. "राहू दे."

त्यानं ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवला आणि आत गेला.

सकाळचे आठ वाजले की तिचे पाय अजून आपोआप बाल्कनीकडे वळतात. प्लॉटवर रात्रीची राख असते, एखादं कुत्रं तिच्यात ऊब शोधत झोपलेलं असतं. अंतरा तोंडात ब्रश घेऊन मागोमाग येते, एक हात छातीवर, आईच्या कमरेला टेकते.

"मम्मा, आज कितना है?"

पायल चौकोनाकडे बघते. वरच्या कडेला आता पांढरं आणि राखाडी वेगळं काढता येत नाही. स्क्रूच्या खाली अजून थोडं उरलं आहे.

"कालच्यापेक्षा जरा जास्त," ती म्हणते, आणि अंतराचा स्वेटर गळ्यापर्यंत लावून तिला शाळेत सोडायला निघते.