देवाऱ्यातल्या सुपाऱ्या

लोक शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, साडूच्या बंगल्यावर जळतात. मी माझ्या बायकोवर जळतो, आणि आता ते लपवायचंही मी सोडून दिलंय.

मी श्रीरामपूरच्या एका शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होतो. ड्रॉइंगचा तास म्हणजे परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांनी मागून न्यायचा तास. निवृत्त झालो आणि नगरच्या विद्यापीठ केंद्रात कलेचा इतिहास आणि संग्रहालयशास्त्र शिकवणारा वर्षाचा अभ्यासक्रम निघाला. मी लगेच नाव घातलं. सुचित्रा म्हणाली, "एसटीत एकटे कशाला जाता, मीही येते." सोबत म्हणून नाव घातलं तिने. एवढं लक्षात ठेवा.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने काचेचं एकेक कपाट मांडायचं होतं. त्यातलं एक निवडून पुण्याच्या कलादालनात सहा महिने ठेवणार होते. मांडणाराही तिथे सहायक म्हणून जाणार आणि दालनाच्या भिंतीवर त्याचं नाव लागणार. मला ते नाव हवं होतं. आजवर माझं नाव छापून आलंय ते फक्त विजेच्या बिलावर.

मी आमच्या देवाऱ्यातले टाक निवडले. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले कुळाचे देव, खंडोबा आणि भवानीसकट पाच. मी ते उचलले तसे सुचित्राने त्यांच्या जागी चिमूटचिमूट तांदूळ आणि वर एकेक सुपारी ठेवली. "देवाची जागा रिकामी ठेवू नये," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मांडणीच्या आदल्या दिवशी मी टाक दंतमंजनाने घासून लख्ख केले. जुन्या वस्तूवरचा थर, कुंकवाचे डाग, झीज हाच तिचा पुरावा असतो, तो पुसायचा नसतो, हे आमच्या वर्गाच्या मनवा मॅडमनी सुरुवातीलाच शिकवलं होतं. त्या पेपरात वर्गात सर्वाधिक गुण माझेच होते. पण दर दिवाळीला देव घासणारा माणूस मी. देव हातात आल्यावर हात मंजनाकडेच गेला.

सुचित्राला विषयच सुचत नव्हता. शेवटी तिने तो देवाराच आणला, सुपाऱ्यांसकट. बाहेरून तेलाने काळा, आतून कुंकवाने लाल. मला म्हणाली, "अहो, तुमचं अक्षर सुरेख आहे, एवढी पाटी लिहून द्या." मी मनातल्या मनात हसत लिहून दिली: 'देव विद्यापीठात गेले आहेत.'

परीक्षक पुण्याहून आले. माझ्या कपाटाशी क्षणभर थांबले. "छान चमकतायत," एवढंच बोलले. मनवा मॅडमनी मान खाली घातली. मंजनाने मी काय पुसून टाकलंय, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

वर्गातल्या अंगदची आजी, कडूबाई, पाथर्डीकडून प्रदर्शन बघायला आली होती. माझ्या देवांवरून नजर फिरवून ती पुढे गेली. सुचित्राच्या कपाटापुढे मात्र अंगदने तिला पाटी वाचून दाखवली, तशी तिने चपला काढल्या आणि हात जोडले.

"देव माघारी कधी येनार हायेत?" तिने विचारलं.

"ह्यांना विचारा," सुचित्रा माझ्याकडे बघून म्हणाली. "ह्यांनीच नेलेत."

सगळे हसले. परीक्षकही हसले आणि मग बराच वेळ तिथेच उभे राहिले. निकाल तिथेच लागला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. त्यात त्यांनी पाटीच्या अक्षराचंही कौतुक केलं. सुचित्राने अभिमानाने माझं नाव सांगितलं, ते तर जास्तच झोंबलं.

ती पुण्याला निघाली तेव्हा स्टँडवर मी बॅग उचलली, खिडकीतली जागा पकडली, पाण्याची बाटली दिली. अभिनंदन तेवढं तोंडातून निघेना. बस हलेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

चंपाषष्ठीला टाक पुन्हा बसवायचे होते. देवारा पुण्यात, म्हणून पाटावर. सुचित्राला दालनातून सुट्टी मिळाली नाही. सुहास गुरुजी म्हणाले, "वहिनी नाहीत? हरकत नाही, कमरेला सुपारी खोचा." पूजेला बायको नसली की तिच्या जागी सुपारी चालते, हे मलाही माहीत होतं. तरी हात थबकला. तिच्याकडे पाच सुपाऱ्या आणि अख्खं दालन. माझ्याकडे ही एक, तीही वाकलं की टोचणारी.

गुरुजी गेले. सुपारी हातात घेऊन मी घरभर फिरलो. कुठे ठेवावी कळेना. शेवटी स्वयंपाकघरातल्या तिच्या खुर्चीवर चिमूटभर तांदूळ टाकले आणि त्यावर ती ठेवली. ब्रश काढला, पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'सुचित्रा पुण्याला गेली आहे.' फोटो काढून तिला पाठवला.

तिचं उत्तर आलं. "मांडणी छान झालीय. मुंग्या लागायच्या आत तांदूळ उचला."

वर्षभरात माझ्या हातून झालेली ही एकमेव चांगली मांडणी, आणि तीही तिचीच नक्कल. पुन्हा जळलो. तसाच जळत स्टँडवर अडकलेलं ते 'अभिनंदन' टाइप केलं आणि पाठवून दिलं. तांदूळ उचलले नाहीत.