कमी आवाजाचे कार्ड

“चालू करून दाखवा,” ती म्हणाली.

“चालूच आहे की ताई. हे बघा, पंखे फिरतायत.”

“ते दिसतंय. मला ऐकायचंय.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. त्याच्याकडे लोक ग्राफिक्स कार्ड बघायला येत, हातात घेऊन वजन करीत, त्यातले दिवे किती रंगांचे आहेत ते विचारीत. कार्डाला कान लावणारे गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिले नव्हते. ही बाई टेबलावरच्या उघड्या कॉम्प्युटरवर ओणवी झाली होती आणि दुसरा कान तिने तळहाताने दाबून धरला होता.

“मुलांना गेम खेळायचेत का?”

“मुलं नाहीत. फिल्म एडिट करायच्यात. आणि त्याच खोलीत आवाज रेकॉर्ड करायचाय. घरात कार्ड आहे, हे माइकला कळता कामा नये.”

“किती घालवायचे ठरवलेत?”

तिने सांगितले. दुकानदाराने तीन पंख्यांचे खोके उचलून मागच्या फळीवर ठेवून दिले.

“बिनपंख्याचं नसतं का?” तिने विचारले. “मी फोटोत पाहिलं होतं. नुसत्या पट्ट्या असतात.”

“असतं ना. पण बिनपंख्याचं कार्ड म्हणजे घुम्या नवरा. बोलत नाही, आतल्या आत तापत बसतो आणि मग घरातले बाकीचे ओरडायला लागतात. डब्याचे पंखे, प्रोसेसरचा पंखा, सगळे. शांतता गेली ती गेलीच.”

तिला हसू आले. या विषयातले आपल्याला काही कळत नाही, हे तिने दुकानात पाऊल टाकतानाच कबूल केले होते, त्यामुळे ती ऐकत होती. दुकानदाराने दोन कार्डे शेजारी ठेवली. “हे छोटं, एका पंख्याचं. स्वस्त आहे. पण एवढासा पंखा, जीव खाऊन फिरतो, म्हणून किंचाळतो. हे दुसरं बघा. दोन मोठे पंखे, रमतगमत फिरणारे. काम हलकं असलं की थांबूनच जातात. गेल्या पिढीचं आहे, म्हणून तुमच्या आवाक्यात. गेमवाल्या पोरांना ते आता आजोबा वाटतं. तुमच्या कामाला पुरून उरेल.”

“आणि शीळ? काही कार्डं पंखा थांबला तरी शीळ घालतात म्हणे.”

“ते आतलं तारेचं वेटोळं वाजतं. वीज जोरात ओढली की वाजतं. ती मात्र नशिबाची गोष्ट. एकाच कारखान्यातली दोन कार्डं, एक वाजतं, दुसरं नाही. वाजलं तर घेऊन या, बदलून देईन. खोकं तेवढं फाडू नका.”

तिने दोन पंख्यांचे कार्ड घेतले. पिशवी पोटाशी धरून ती बसमध्ये बसली. शांत कॉम्प्युटर तिला सुडासाठी हवा होता.

धंद्यातले लोक तिला कात्री म्हणत. ती मालकांच्या स्टुडिओत एडिटिंग करायला लागली तेव्हा तिचे लग्नही झाले नव्हते. मालकांचा आवाज हीच स्टुडिओची पुंजी होती. कारखान्यातल्या सुरक्षेच्या फिल्म, शाळांचे पाठ, संग्रहालयाच्या दालनांमध्ये पडद्यावर चालणारी माहिती, सगळीकडे तोच भरीव, सावकाश आवाज. स्टुडिओतला कॉम्प्युटर मात्र गिरणीसारखा घरघरत असे. कार्डाचा पंखा खिळखिळा झाला होता. तो बदलू या, असे तिने किती वेळा म्हटले याला गणती नव्हती. मालक म्हणत, “राहू दे गं. तो बंद झाला तर मला खोलीत एकटं वाटेल.” मग ती मुकाट्याने प्रत्येक रेकॉर्डिंगमधली ती घरघर काढीत बसे. दोन वाक्यांमधली जागा ती इतकी स्वच्छ करी, की मालकांचा आवाज कोऱ्या भिंतीवर टांगल्यासारखा वाटे.

एकदा संग्रहालयाच्या अधिकारी बाई नवी फिल्म बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवाज काय स्वच्छ आहे हो!” मालकांनी अंगठ्याने तिच्याकडे खूण केली. “ही आमची कात्री. कचरा काढते. आवाज आपला.” सगळे हसले. तीही हसली. पुढे काही महिन्यांनी तिच्या खुर्चीवर मालकांचा भाचा बसला. “तो शिकून आलाय, आणि खुर्ची एकच आहे,” एवढे मालकांनी फोनवर सांगितले. खुर्ची एकच आहे, हे तिला मान्य होते. ते हसणे मात्र ती विसरली नव्हती.

म्हणून कार्ड घ्यायच्या आधीच ती संग्रहालयाच्या बाईंना भेटली होती. बाईंनी आपणहून विषय काढला. “तुम्ही गेल्यापासून त्यांच्या आवाजात शीळ येते. बारीक, पण येते. दोन फिल्म परत पाठवल्या मी. भाचा म्हणतो, नवीन मशीन घेतलंय, तेच वाजतं.”

ही बातमी तिने गरम चहासारखी घोट घोट घेतली.

“सगळ्या दालनांचं काम नव्यानं करायचंय,” बाई म्हणाल्या. “नमुना द्या. आवडला तर सगळं तुम्हाला. फक्त आवाज तोच राहू दे, लोकांना सवय झालीये. वाचणारे ते, काम तुमचं. जमेल?”

बाहेर पडताना तिला गाणे म्हणावेसे वाटत होते. मालकांना तिच्या घरी यावे लागणार होते. तिच्या खुर्चीवर बसून, ती सांगेल तेव्हा तोंड उघडावे लागणार होते.

“स्क्रिप्ट पाठव, मी इथूनच करून देतो,” फोनवर मालक म्हणाले.

“नाही सर. माझ्याकडेच यायला लागेल. चौथा मजला. लिफ्ट नाही.”

मग मालक म्हणाले, “येतो.”

कॉम्प्युटर तिने आणि नवऱ्याने मिळून जोडला. नवरा बस चालवत असे, त्यामुळे स्क्रू पिळणे हा आपला प्रांत आहे असे त्याचे मत होते. सगळे जोडून झाल्यावर चित्र दिसले, पण एडिटिंग गोगलगाईच्या चालीने चालू लागले. अर्धा दिवस दोघे एकमेकांना दोष देत होते. शेवटी नवऱ्याने मागे डोकावून पाहिले आणि कपाळावर हात मारला.

“अगं, एवढं वाजतगाजत कार्ड आणलंस, आणि पडद्याची वायर शेजाऱ्याच्या घरात खुपसलीस! कार्डाचं भोक हे. तू घातलीय मुख्य बोर्डाच्या भोकात, कार्ड बसलंय रिकामं.”

“मी घातली? तू घातलीस.”

“बरं, मी घातली. पण बघत तू होतीस.”

वायर जागेवर गेली. कार्डाचे पंखे जरासे फिरले आणि थांबले. तिने डोळे मिटले. खोलीत फक्त फ्रिज ऐकू येत होता.

मालक आले त्या दिवशी तिने फ्रिजही बंद केला आणि घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आवाजाचे काम घरात करणारे असेच करतात. काम संपल्यावर फ्रिज सुरू करायचे विसरले, तरी किल्ल्यांवाचून घराबाहेर पडता येत नाही. मालक दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ उभे राहिले. पाणी हवे का, हे तिने मुद्दामच उशिरा विचारले.

“मशीन कुठाय?” त्यांनी विचारले.

“तुमच्या पायाशी.”

“चालू आहे?”

“हो.”

ते खाली वाकून पाहत राहिले. “इतकं गप्प?”

“गप्पच हवं होतं मला.”

त्यांनी वाचले. आवाज तसाच होता, भरीव, सावकाश. हेडफोन खुंटीलाच होते; ती नुसती त्यांच्याकडे बघत होती. शेवटचे पान झाले तेव्हा तिने रेकॉर्डिंग थांबवले आणि कितीतरी दिवस मनात घोळवलेले वाक्य बोलून टाकले. “झालं सर. आवाज काढून झाला तुमचा. आता काम मी करते.”

मालकांनी चष्मा खिशात घातला. ते जिना उतरून गेले. ते वाक्य तिला गोड लागले, आणि त्या गोडीतच तिने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट केली. रेकॉर्डिंग न ऐकता, न साफ करता, होते तसे संग्रहालयाच्या बाईंना पाठवून दिले. बघा, साफ करायची गरजसुद्धा नाही, असे तिला दाखवायचे होते. कार्डावर तिचा तेवढा विश्वास होता.

तासाभरात बाईंचा निरोप आला. “यातही शीळ आहे. परवा फोन करते.”

तिने हेडफोन लावून ऐकले. वाक्य संपले की मागे बारीक, केसाएवढी शीळ. दुकानदाराने सांगितले होते तशीच. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती शटरसमोर उभी होती. दुकानदाराने कार्ड लावून, कान देऊन पाहिले.

“मला तर काही ऐकू येत नाही, ताई.”

“मला येतंय.”

“मग कान तुमचा खरा. घ्या दुसरं. पण हेही वाजलं, तर मी भटजीसारखा नक्षत्रं बघायला लागेन हां.”

तिने कार्ड बदलले, कार्डाला मिळणारी विजेची मर्यादा त्याने दाखवल्याप्रमाणे कमी केली आणि मालकांना पुन्हा बोलावले. “मशीनचा घोळ होता,” एवढेच कारण सांगितले. या वेळी मालक खुर्चीत टेकल्यावर लगेच बोलू शकले नाहीत. त्यांनी हातानेच ‘जरा थांब’ अशी खूण केली. ती हेडफोन लावून बसली होती. माइक चालू होता.

शीळ आली.

तिने पडद्यावरचे सगळे बंद केले. शीळ होती. तिने कॉम्प्युटरच बंद केला, माइकची वायर काढून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या रेकॉर्डरला लावली. आता खोलीत वीज ओढणारे काहीही नव्हते. शीळ होती. ती बारीक चढत होती, क्षणभर थांबत होती, मग उतरत होती. समोर मालकांचा सदरा त्या शिळेबरोबर वर-खाली होत होता.

“मशीन बंद केलंस?” मालकांनी विचारले.

“हो.”

“मग काय ऐकतेयस?”

तिने हेडफोन काढून ठेवले. मालकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“जुन्या मशीनच्या घरघरीत ही छातीतली शीळ झाकून जायची,” ते म्हणाले. “म्हणून पंखा बदलू दिला नाही तुला. भाच्यानं हौसेनं नवीन आणलं आणि उघडं पडलं सगळं. त्याला वाटतं, मशीन वाजतंय. मीच तसं सांगितलंय.”

“कधीपासून आहे?”

“बरीच वर्षं झाली. तू घरघर काढायचीस ना, तिच्याबरोबर हीसुद्धा निघून जायची. तुला माहीत नव्हतं, एवढंच.”

फोन वाजला. संग्रहालयाच्या बाई होत्या. फ्रिज बंद, कॉम्प्युटर बंद, त्यामुळे फोनमधला आवाज सगळ्या खोलीला ऐकू जात होता.

“हे बघा, स्पष्टच विचारते,” बाई म्हणाल्या. “दोन वेगळ्या जागी तीच शीळ येते, तेव्हा मला शंका आली. मशीन वाजतंय की माणूस? माणूस असेल तर संकोच करू नका. माझ्याकडे एक मुलगी आहे, छान वाचते. तुम्ही आणि ती मिळून सगळी दालनं करा, आत्ता हो म्हणते. पण मशीनच असेल, तर मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?”

तिने मालकांकडे पाहिले. ते ताठ बसले होते. श्वास रोखून धरला होता, फोनमध्ये जाऊ नये म्हणून. मानेवरची शीर फुगली होती. एक शब्द बोलली असती, तर हा आवाज संग्रहालयातून गेला असता, मग कारखान्यांतून, मग शाळांतून. तिने मागितले होते त्याहून जास्त तिच्या ताटात वाढून आले होते, आणि तेच तिला खुपले. तिला त्यांना हरवायचे होते. हे काम त्यांची छाती आधीच करून बसली होती. तिच्या वाट्याला फक्त बोट दाखवणे उरले होते. कुणाच्या दम्याने मिळवून दिलेला सूड आपला म्हणून मिरवायला ती तयार नव्हती.

“मशीनच होतं,” ती म्हणाली. “माझं पहिलंच मशीन आहे. कार्ड घेताना चुकले. आता बदललंय.”

“अस्सं.” बाईंच्या आवाजातला उत्साह गेला. “मग आत्ता एकच दालन देते. बाकीचं बघू पुढे. आणि नमुना नीट ऐकून पाठवा हो.”

“हो. ऐकूनच पाठवीन.”

फोन ठेवल्यावर मालकांनी श्वास सोडला. तो बराच वेळ सुटत राहिला. ते काहीतरी बोलायला लागले, तसा तिने हात आडवा केला.

“आभार नकोत. पडद्यावर आधी माझं नाव येईल, त्याखाली तुमचं. आणि पानं निम्मी निम्मी करून वाचायची, मध्ये थांबायचं. थांबा कुठे घ्यायचा, ते मी सांगीन.”

“बरं.”

“पहिलं पान.”

तिने कॉम्प्युटर सुरू केला. पंखे जरा फिरून थांबले. मालकांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि पहिले वाक्य वाचले. वाक्य संपल्यावर त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला हे कधी विचारले नव्हते.

“बरं झालं का?”

चांगले झाले होते. त्याहून चांगले होण्यासारखे त्यात काही नव्हते.

“पुन्हा,” ती म्हणाली.

मालकांनी कागद सरळ केला आणि पुन्हा वाचले.